मोल मनातले आणि मोल बाजारातले

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ अशी ताकीद आपल्या वाडवडिलांनी देऊन ठेवली आहे. घर पाहावे विकून, असे मात्र त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. घर ही विकण्याची वस्तू आहे, ही कल्पनाच त्यांच्या मनाला शिवली नसावी. वाडे खचत, वाटण्या होत, भाऊबंदकीचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालत. परंतु घर विकणे म्हणजे घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणे, असे समजले जाई. आज काळ पालटला आहे. घर विकणे यात आता लाजिरवाणे काही उरलेले नाही. उरले आहे ते केवळ अज्ञान. आणि हे अज्ञान मध्यमवर्गीय कुटुंबाला किती महाग पडते, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेखप्रपंच आहे.

वाशिंदचेच उदाहरण घ्या. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत धावलेली आगगाडी १८५५ साली कल्याण ओलांडून वाशिंदला येऊन थांबली. तेथून आसनगावपर्यंत रूळ पोहोचायला १८६० साल उजाडले. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ या दिशेच्या लोहमार्गाचे शेवटचे टोक वाशिंद हेच होते. पुढे दीडशे वर्षांनी मुंबईच्या नोकरदाराचा घरशोधही नेमका त्याच रुळांवरून सरकत आला. दादर-परळला जागा मिळेना म्हणून तो ठाण्यास गेला. ठाणे परवडेना म्हणून डोंबिवलीस, डोंबिवली परवडेना म्हणून कल्याणपलीकडे टिटवाळ्यास आणि अखेरीस शहापूर तालुक्याच्या हद्दीत वाशिंदला. मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटरवर, कसाऱ्याच्या किंवा आसनगावच्या लोकलवर भिस्त ठेवून त्याने दोन खोल्यांचा संसार थाटला. शिक्षक, परिचारिका, कारकून, रेल्वेचे कर्मचारी यांची ही वस्ती होय.

आता या वस्तीतील पहिली पिढी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आली आहे. मुले पुण्यास किंवा ठाण्यास गेली. रात्री-अपरात्री छातीत कळ आली तर मोठे रुग्णालय दूर, ही धास्ती मनात बसली. मग ‘हे घर विकून टाकू आणि कल्याणला लहानशी जागा घेऊ’ असा विचार घरोघर सुरू होतो. आणि ज्यांनी आयुष्यात एकदाच घर घेतले, ते आयुष्यात प्रथमच घर विकावयास निघतात. चौरस फुटाचा भाव हा जाहिरातींच्या पानाचा विषय, तो अग्रलेखात कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. ज्या कुटुंबाची तीस वर्षांची सारी कमाई चार भिंतींत गोठलेली आहे, त्याने त्या भिंतींचे मोल चुकीचे लावले तर त्याच्या म्हातारपणाचा आधारच डळमळतो. याहून मोठा सार्वजनिक प्रश्न तो कोणता?

प्रथमच घर विकणाऱ्याच्या मनात सामान्यतः चार आकडे असतात. पहिला, आपण या घरावर आजवर किती खर्च केला तो. दुसरा, शेजाऱ्याचे घर कितीला गेले म्हणतात तो. तिसरा, जवळच उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीच्या फलकावरील. आणि चौथा, आपल्याला पुढचे घर घेण्यास किती पैसे हवेत तो. या चारांपैकी एकही आकडा घराची किंमत नव्हे, हे कटू सत्य विकणाऱ्याने प्रथम गिळले पाहिजे.

हिशेबाच्या सोयीसाठी एक काल्पनिक घर डोळ्यांपुढे आणू. समजा, एका गृहस्थाने २०१२-१३ साली वाशिंदला १४ लाखांस घर घेतले. त्यांपैकी १२ लाख रुपये १० टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज होते. दरमहा हप्ता साधारण ११,५८० रुपये. वीस वर्षांत बँकेला जाणारी एकूण रक्कम जवळजवळ २८ लाख. हा गृहस्थ सहजच म्हणतो, ‘माझे या घरात तीस लाख गेले, पस्तिसाच्या खाली देणार नाही.’ परंतु गिऱ्हाइकाने त्याचे व्याज का फेडावे? त्या व्याजाच्या मोबदल्यात तेरा वर्षे डोक्यावर छप्पर मिळाले, घरमालकाची कटकट टळली, मुलांची शाळा बदलली नाही. तो व्यवहार पूर्ण होऊन चुकला आहे. गिऱ्हाईक मोल देतो ते आजच्या घराचे. कालच्या कष्टांचे नव्हे.

शेजाऱ्याचा आकडा याहून फसवा. मराठी माणूस घर घेतले की भाव कमी सांगतो आणि विकले की वाढवून सांगतो, हे कोणास ठाऊक नाही? शिवाय ‘साडेचार हजार फूट’ असे कोणी म्हटले, तर ते फूट कोणते, हा प्रश्न पहिल्याप्रथम विचारला पाहिजे. जुन्या करारांत जिना, गॅलरी, सामायिक जागा यांचा वाटा चढवून फुगविलेले क्षेत्र लिहिलेले असे. १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला सर्वजण ‘रेरा’ म्हणतात, चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली: घरातील प्रत्यक्ष वापराची जागा, आतील भिंती धरून, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून. आता आपल्या गृहस्थाचे घर कागदावर ६५० फूट आणि चटई क्षेत्राने ४५० फूट असेल, तर साडेचार हजारांच्या एकाच दराने एकदा २९ लाख २५ हजार होतात आणि एकदा २० लाख २५ हजार. नऊ लाखांचा हा फरक बाजाराच्या तेजीमंदीचा नव्हे; केवळ मोजपट्टीचा आहे! तेव्हा विकणाऱ्याने घर स्वतः मोजून घ्यावे आणि चटई क्षेत्राखेरीज दुसऱ्या भाषेत बोलूच नये.

नव्या इमारतीच्या फलकाची गोष्ट वेगळी. तेथे नवे बांधकाम, उद्‌वाहन, वाहनतळ आणि कोरा करकरीत रंग असतो. आपले घर त्या दराने जाईल ही आशा फोल आहे. मात्र जुन्या घराच्या बाजूनेही दोन गोष्टी असतात आणि त्या विकणाऱ्याने ठामपणे सांगाव्यात. बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर पडतो, पुनर्विक्रीच्या घरावर पडत नाही. आणि तयार घरात आज इसार दिला तर काही महिन्यांत राहावयास जाता येते, ताब्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत नाही.

माणसाचे मन स्वतःच्या वस्तूला अधिक मोल लावते, हा दोष केवळ वाशिंदचा नाही. जेनेसोव्ह आणि मेयर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बोस्टन शहरात १९९० च्या दशकात झालेले सदनिकांचे व्यवहार तपासून २००१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खरेदीच्या किमतीपेक्षा कमी भाव येणार अशी चिन्हे असलेल्या मालकांनी, त्या तुटीच्या २५ ते ३५ टक्के इतकी रक्कम आपल्या मागणीत चढविली होती. पदरात पडली ती मात्र तुटीच्या ३ ते १८ टक्के. आणि त्यांची घरे इतरांपेक्षा अधिक काळ विक्रीवाचून पडून राहिली. म्हणजे हट्टाचे थोडे फळ मिळते हे खरे. परंतु त्याची किंमत काळाने मोजावी लागते. ज्याला थांबणे परवडते त्याने थांबावे. ज्याला दरमहा हप्ता, देखभाल खर्च आणि घरपट्टी भरत बंद घराला कुलूप लावून बसावे लागते, त्याने ही चैन करू नये. शिवाय सहा-आठ महिने पडून राहिलेल्या घराविषयी ‘काहीतरी खोड असल्याशिवाय का राहिले?’ असा संशय आपोआप पसरतो. मग भाव खाली आणला तरी गिऱ्हाईक आणखी खाली मागतो.

मग खरा भाव कळावा कसा? त्याचे उत्तर चहाच्या टपरीवर नाही. ते नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात आहे. प्रत्येक नोंदलेल्या खरेदीखताचा गोषवारा सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे ज्याला व्यवहारात ‘इंडेक्स टू’ म्हणतात त्यात, नमूद होतो आणि राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. आपल्या इमारतीत व आसपास गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष नोंदलेल्या व्यवहारांचे क्षेत्र आणि मोबदला ताडून पाहावा. त्यात आपल्या घराचे अधिकउणे मिळवावे: इमारतीचे वय किती, मजला कोणता, उद्‌वाहन आहे की नाही, स्थानक चालत किती मिनिटांवर.

आणि पाणी. ज्या शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा मुंबईची तहान भागवितात, त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हा दैवदुर्विलास सर्वश्रुत आहे. अशा मुलखात घर पाहावयास आलेल्या गृहिणीचा पहिला प्रश्न ‘पाणी किती वेळ येते?’ हाच असणार. ज्या इमारतीत त्याचे उत्तर समाधानकारक आहे, त्या इमारतीने रंगरंगोटीवर खर्च न करताही चार पैसे अधिक मागावेत.

येथे अफवांविषयीही दोन शब्द सांगणे भाग आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. तेव्हापासून प्रत्येक घरमालकास आपल्या दारात सोन्याची खाण लागल्यासारखे वाटू लागले आहे. महामार्गाने जमिनींचे भाव हलतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कसाऱ्याच्या लोकलने कामावर जाणाऱ्या गिऱ्हाइकाला महामार्गापेक्षा गाड्यांची संख्या महत्त्वाची. आणि कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचे काम किती वर्षे रेंगाळले, हे त्याला पुरते ठाऊक असते. उद्याच्या सोयीचे पैसे आज कोणी पुरते मोजत नाही.

भावाला वरून मर्यादा घालणारी आणखी एक शक्ती आहे व ती म्हणजे गिऱ्हाइकाची बँक. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. आणि मूल्य म्हणजे मालकाने मागितलेला आकडा नव्हे, बँकेच्या मूल्यमापकाने लावलेलाही पाहिला जातो. मालक ३२ लाख मागतो आणि मूल्यमापक २७ लाख लावतो, असे समजा. कर्ज मिळणार फार तर २४ लाख ३० हजार. उरलेले ७ लाख ७० हजार, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी, हे सारे गिऱ्हाइकाने गाठीचे आणावयाचे. एवढी गाठ ज्याच्यापाशी आहे, तो वाशिंदला कशाला येईल? तो टिटवाळ्यास जाईल. याच २७ लाखांच्या भावाला स्वतःचे २ लाख ७० हजार पुरतात आणि सौदा होतो.

खालची मर्यादा सरकारने आखली आहे. वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, म्हणजेच ‘रेडी रेकनर’, हा बाजारभाव नव्हे. मुद्रांक शुल्काच्या आकारणीचा तो किमान आधार आहे. व्यवहार त्याहून कमी किमतीस झाला तरी शुल्क त्या तक्त्याप्रमाणेच पडते; आणि फरक १० टक्क्यांहून अधिक असला, तर आयकर खाते विकणाऱ्यासही तक्त्याचीच किंमत मिळाली असे धरून कर आकारते. म्हणून भाव सांगण्यापूर्वी आपल्या घराचे तक्त्याप्रमाणे मूल्य काढून ठेवणे शहाणपणाचे.

कागदपत्रे ही तर भावाची अर्धी बाजू होय. भोगवटा प्रमाणपत्र, अकृषिक परवानगी, मूळ करारांची अखंड साखळी, संस्थेचे भागप्रमाणपत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला, यांपैकी एक दुवा तुटला की बँक हात आखडते. आणि बँकेने हात आखडला की उरतो केवळ रोखीचा गिऱ्हाईक, जो भाव पाडूनच मागतो. इमारतीखालची जमीन संस्थेच्या नावे नसेल, तर २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे आणि त्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तरीही असंख्य संस्था ‘बिल्डर करून देईल’ या भरवशावर बसून आहेत. आपले घर ज्या दिवशी विकावयाचे त्या दिवशी हे आठवून उपयोग नाही. तहान लागल्यावर विहीर खणणे ते हेच!

हस्तांतराच्या वेळी संस्थेने किती रक्कम घ्यावी, यालाही शासनाची मर्यादा आहे. महानगरपालिका क्षेत्रात हे अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये, तर ग्रामपंचायत क्षेत्रात ५,००० रुपये. यापलीकडे ‘देणगी’च्या नावाखाली पिळणूक होत असेल, तर ती मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही.

आता पदरात काय पडते ते पाहू. आपल्या काल्पनिक गृहस्थाचे घर आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये २७ लाखांस गेले. तेरा वर्षांनंतरही कर्जाचे सुमारे ७ लाख शिल्लक असतात. बदलत्या व्याजदराचे कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास व्यक्तींकडून दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून मनाई केली आहे. आणि डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत देण्याचे बंधन बँकेवर आहे, विलंबास दिवसाला ५,००० रुपये भरपाई. दलालाला दोन टक्के दिले तर ५४ हजार गेले. राहिला कर. जुलै २०२४ मध्ये दीर्घ मुदतीच्या नफ्यावरील कर महागाई निर्देशांकाची सवलत काढून १२.५ टक्के करण्यात आला; तथापि २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांच्या निवासी भारतीय मालकांना जुन्या पद्धतीने, निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, हिशेब करून जो कर कमी तो भरण्याची मुभा ठेवली आहे. या मुभेचे मोल पाहा. निर्देशांकाविना नफा १३ लाख आणि कर १ लाख ६२ हजार ५००. निर्देशांकाने, २०१२-१३ चे २०० आणि २०२५-२६ चे ३७६ धरता, खरेदीची किंमत २६ लाख ३२ हजार होते. नफा उरतो अवघा ६८ हजार आणि कर १३ हजार ६००. दुसरे राहते घर दोन वर्षांत घेतले, तर एवढाही कर वाचू शकतो. सारे वजा जाता हाती येतात सव्वाएकोणीस लाखांच्या आसपास. २७ लाखांचा भाव म्हणजे २७ लाखांचे धन नव्हे. पुढच्या घराचा इसार देण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडला नाही, तर कल्याणचे घर हातचे जाते आणि वाशिंदचे आधीच गेलेले असते.

एका मोहाविरुद्ध मात्र आम्ही वाचकांस आवर्जून सावध करू इच्छितो. ‘थोडे पांढरे, थोडे काळे’ करू, असे सुचविणारा कोणीतरी भेटतोच. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे २०१५ पासून निषिद्ध आहे व दंड त्या रकमेइतकाच आहे. शिवाय करारातील किंमत घटली की गिऱ्हाइकाचे कर्जही घटते. जन्मभर पगाराच्या पावतीवर कर भरून स्वच्छ राहिलेल्या माणसाने उतारवयात दोन-चार लाखांसाठी हा डाग का लावून घ्यावा?

शासनाकडेही आमचे मागणे आहे. नोंदलेल्या व्यवहारांची माहिती आज उपलब्ध आहे, हे स्तुत्यच. परंतु ती ज्याला दस्तांची वाट ठाऊक आहे त्याच्यासाठी. गावनिहाय, चटई क्षेत्रानुसार, सोप्या मराठीत ती दर तिमाहीस प्रसिद्ध केली, तर अर्धी फसवणूक आणि अर्धा भ्रम आपोआप नाहीसा होईल. मानीव अभिहस्तांतरणाची प्रकरणेही तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे भरवून हातावेगळी करता येतील. बाजारात सर्वांत दुबळा असतो तो एकदाच येणारा माणूस. दलाल रोज सौदे करतो, बिल्डर रोज करतो. शिक्षक किंवा परिचारिका जन्मात एकदा करते. त्या एका वेळी तिच्या हाती खरा आकडा देणे हे लोकशाही शासनाचे कर्तव्य नव्हे काय?

बाकी राहते ते मनाचे. मुलांची उंची मोजून दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने ओढलेल्या रेघा असतात. पहिल्या पावसात गळलेली आणि पगार पुढे घेऊन दुरुस्त केलेली गच्ची असते. खरेदीखतात यांपैकी कशाचाही उल्लेख नसतो आणि मूल्यमापक त्यांची नोंद करीत नाही. त्या रेघांना भाव नाही, म्हणूनच त्या भावात धरू नयेत. त्या आपल्याबरोबर न्याव्यात; आणि घर मात्र, जे उद्या दुसऱ्या एखाद्या लोकलने दमूनभागून येणाऱ्या कुटुंबाचे व्हावयाचे आहे, ते रास्त मोलाने, स्वच्छ कागदांनिशी त्याच्या हवाली करावे. त्यात विकणाऱ्याचे हित आहे आणि घेणाऱ्याचेही.